ओढ्यातले मासे बघून ओढ्याची तब्येत : खानापूर तालुक्यातल्या प्रकल्प नोंदी

९ सप्टेंबर

आजपासून नोंदी ठेवायला सुरुवात. प्रकल्प असा आहे की खानापूर तालुक्यातला मलप्रभेला मिळणारा एक ओढा घ्यायचा, वर रानात जिथं तो अजून कुणी बिघडवलेला नाही तिथपासून खाली गावाची गटारं मिळतात तिथपर्यंत, आणि त्यात कुठले मासे राहतात, किती राहतात, कसे दिसतात यावरून ओढा कुठं धड आहे आणि कुठं नाही ते ठरवायचं. ओढ्याचं आणि गावाचं नाव इथं लिहीत नाही, कारण वरच्या भागात जे मासे आहेत ते कुठं आहेत हे जगाला सांगायची गरज नाही, पाण्यात करंट सोडून मासे मारायला बॅटरी आणि वायर घेऊन फिरणारे लोक आपल्याकडंही आहेत.

पाणी तपासायचं म्हटलं की बाटली भरायची, लॅबला द्यायची, रिपोर्ट आणायचा, हेच सगळ्यांना माहीत आहे. ते करायलाच पाहिजे, पण बाटली भरली त्या घटकेला पाण्यात काय होतं तेवढंच रिपोर्टात येतं. रात्री कुणी काय सोडलं, मार्चमधे आठवडाभर पाणी कसं होतं, पावसाळ्यात किती गाळ आला, हे त्या बाटलीत नसतं. मासा मात्र बारा महिने तिथंच असतो, त्याला पळून जायला जागा नाही, जे येईल ते सोसून जगला तर जगला नाहीतर गेला.

ही कल्पना आपल्या घरची नाही. अमेरिकेत १९७२ चा स्वच्छ पाण्याचा कायदा झाला त्यात नद्यांची रासायनिक, भौतिक आणि जैविक अखंडता जपायची असं लिहिलं होतं, रासायनिक मोजायला यंत्रं होती पण जैविक अखंडता मोजायची कशी हे कुणाला धड सांगता येईना, मग जेम्स कार या शास्त्रज्ञानं १९८१ मधे इलिनॉय-इंडियानाकडच्या ओढ्यांवरून एक पद्धत मांडली. माशांबद्दलचे बारा निकष, प्रत्येकाला १, ३ किंवा ५ गुण, एकूण १२ ते ६० च्या मधे येणार. ५ म्हणजे त्या भागातल्या न बिघडलेल्या ओढ्यात दिसेल तसंच, ३ म्हणजे थोडं घसरलेलं, १ म्हणजे फारच घसरलेलं.

आपल्याकडं १९७४ चा पाणी कायदा आहे, त्यातही पाण्याचा निकोपपणा राखायचा असं म्हटलंय. ते कागदावरून ओढ्यात आणायचं तर असलं काहीतरी करावंच लागणार.

२८ सप्टेंबर

प्रकल्पातल्या विद्यार्थी पोरांना घेऊन दिवसभर निकषांवर बसलो. कारचे निकष जसेच्या तसे घेता येत नाहीत, त्याच्या यादीत डार्टर, सनफिश, सकर असले मासे आहेत, ते आपल्याकडं नाहीतच. पण निकष कुठला मासा म्हणतोय याच्यापेक्षा तो मासा काय काम करतोय हे बघितलं की वाट सापडते. डार्टर तळाशी दगडांच्या फटीत राहतो, गाळ आला की आधी तो जातो. आपल्याकडं ते काम मुऱ्या करतात, आणि दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारा मळ्या. सनफिश डोहात मधल्या पाण्यात राहणारा, तिथं आपले डँडई, पुंटियस, रासबोरा हे सगळे बारके मासे बसवले. सकर मोठा होणारा, बरीच वर्षं जगणारा, तर तिथं कोळस आणि खडस. त्यातला कोळस म्हणजे हिप्सेलोबार्बस कोलस, कृष्णा खोऱ्याचा मासा, आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो संकटाच्या वर्गात आहे.

कारच्या यादीत संकरित माशांचा एक निकष होता, आपल्या बारक्या माशांत संकर ओळखणं आम्हाला जमणारं नाही, तो काढून त्या जागी बाहेरून आलेल्या माशांचं प्रमाण घातलं. चिलापी (तिलापिया) १९५२ ला भारतात आणली, गॅम्बुसिया १९२८ ला इटलीहून आला, गप्पी त्याच्याही आधी १९०८ ला, दोन्ही डास मारायला म्हणून. हे तिन्ही मासे वाईट पाण्यात तगतात, त्यामुळं ते वाढले म्हणजे बाकीच्यांचं काहीतरी बिघडलंय असं धरायला जागा आहे.

भारतात हे आधी कुणी केलंय का, असं एका पोरीनं विचारलं. केलंय. गणसन आणि ह्यूज यांनी इंदूरची खान नदी आणि क्षिप्रा यांच्यावर ही पद्धत वापरून १९९८ मधे निबंध छापलाय. त्यांनाही निकष बदलूनच घ्यावे लागले होते.

१४ ऑक्टोबर

परवानगीचे कागद झाले. अर्ज कन्नडमधे लिहायचा होता, आमच्या डिपार्टमेंटमधल्या एका मॅडमनी बसून सगळा नीट करून दिला आणि माशांची कन्नड नावंही लिहून दिली, ती आता नोंदीच्या फॉर्ममधे मराठी नावाच्या शेजारी टाकलीयत म्हणजे कुठल्याही गावात फॉर्म चालेल. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत जायचं नाही हे आधीच ठरलंय, वरची जागा हद्दीच्या बाहेरच घेतलीय.

पाणी अजून जास्त आणि गढूळ आहे, आत्ता जाळं टाकून उपयोग नाही. पावसाळ्यात मासे पसरलेले असतात, भातखाचरातसुद्धा चढतात, तेव्हा मोजलेलं काही खरं नसतं. पाणी उतरून नितळ झालं की मगच.

जागा तीन. ‘वर’ म्हणजे रानातली, ‘मधे’ म्हणजे भातशेतीतली, बंधाऱ्याच्या वरच्या बाजूची, ‘खाली’ म्हणजे गावाच्या पुढची. प्रत्येक जागेवर दीडशे मीटर लांबी घ्यायची. अमेरिकेत ओढ्याच्या रुंदीच्या चाळीसपट लांबी घेतात आणि निदान दीडशे मीटर तरी, आपला ओढा तीन-चार मीटरच रुंद आहे त्यामुळं दोन्ही हिशेब जुळतात. जाळी सगळीकडं तीच, माणसं तेवढीच, वेळ तेवढाच. एका जागी दोन तास आणि दुसऱ्या जागी चार तास केलं तर आकडे शेजारी ठेवताच येत नाहीत.

६ नोव्हेंबर, वर

सकाळी लवकर निघालो, जांबोटी सोडल्यावर धुकं होतं. पाणी इतकं नितळ की गुडघाभर पाण्यात पायाची बोटं दिसतायत. तळाला गोटे, गोट्यांवर पातळ शेवाळ, वरून झाडांची सावली.

इथं फेकजाळ्याचा काही उपयोग नाही, दगडात अडकतं. दोघांनी खाली बारीक जाळं धरायचं आणि वरच्या अंगाला तिसऱ्यानं दगड हलवायचे. पहिल्याच दगडाखाली मुऱ्या निघाल्या, अंगावर पट्टे, बोटाएवढ्या, जाळ्यात आल्या आल्या वळवळत परत दगडाच्या फटीत शिरायला बघतायत. आणि मळ्या. बादलीत टाकला तर पाण्यात पोहत न बसता थेट बादलीच्या भिंतीला जाऊन चिकटला, हनुवटीखाली त्याला गोल चकती असते ती टेकवून, आणि बादली वाकडी केली, पाणी निम्मं ओतलं तरी तो तिथंच, पाण्याच्या वर अर्धं अंग आलं तरी सुटेना. पोरांनी व्हिडिओ काढला. या चकतीला धरायला स्वच्छ दगड लागतो, दगडावर बोटभर गाळ बसला की चकती धरणार कशाला आणि खाणार काय. सगळा विषय कळायला तो एक मासा पुरेसा आहे असं मला वाटतं.

जाती मात्र थोड्याच मिळाल्या. मळ्या, दोन प्रकारच्या मुऱ्या, पट्ट्यापट्ट्यांचे बारीक झपाट्यानं पळणारे मासे, एक दोन डोक (मरळीच्या कुळातला बारका मासा). पोरं थोडी हिरमुसली. काचेच्या पेटीत फोटो काढून सगळे परत सोडले, ओळख पक्की करायला प्रत्येकी एखाददुसराच फॉर्मलीनमधे ठेवला.

१९ नोव्हेंबर, मधे

आज पोरांचा उत्साह बघण्यासारखा होता, वरच्यापेक्षा दुपटीनं जाती निघाल्या. आळकूट, रासबोरा, शिंगटी, वांबीचं पिल्लू, एक बऱ्यापैकी मरळ, आणि बरगे (पाणी अडवायला बंधाऱ्याच्या खांबांमधे घालायच्या फळ्या) अजून घातले नाहीत त्यामुळं खळखळत्या तुकड्यात मळ्या आणि मुऱ्यासुद्धा. परत येताना गाडीत एकजण म्हणाला, “सर, मग वरच्या ओढ्यापेक्षा हाच चांगला म्हणायचा की ओ. मासं किती हाय बघा की इथं.”

प्रश्न बरोबर आहे आणि बरेच जण इथंच फसतात. जैवविविधता जास्त म्हणजे तब्येत चांगली असं सरळ गणित लावलं तर रानातला झरा नापास होईल आणि मधला बंधारा पास. पण उगमाजवळचा ओढा लहान असतो, डोह उथळ, खायला मर्यादित, तिथं थोड्याच जाती मावतात. जसजसा ओढा मोठा होत जातो, दुसरे ओढे मिळत जातात तसतशा जाती वाढत जातात, हे काही माणसानं केलेलं नाही. म्हणून जातींचा आकडा नुसता बघायचा नाही, एवढ्या आकाराच्या धड ओढ्यात किती जाती असायला पाहिजेत त्याच्या तुलनेत बघायचा. कारच्या लोकांनी त्यासाठी ओढ्याचा आकार एका बाजूला आणि जातींची संख्या दुसऱ्या बाजूला असा आलेख काढून वरच्या टोकांना जोडणारी रेघ मारली होती, त्या रेघेजवळ आलास तर ५, अर्ध्यावर राहिलास तर ३, अगदी खाली तर १. आपल्याकडं ती रेघ मारायला अजून बरेच ओढे बघायला लागणार. तोवर शेजारचे तीन-चार ओढे त्याच उंचीवरचे आणि तेवढेच रुंद बघून कामचलाऊ रेघ मारायची.

२० नोव्हेंबर

जुन्या याद्या काढून बसलो. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ ला दख्खनच्या माशांवर लिहिलं ते आपल्याच भागाच्या वरचं, पुण्याकडचं. कळावर आणि केळकर यांची कोल्हापूरच्या माशांची यादी १९५६ ची, ती आपल्याला सगळ्यात जवळची. जयराम यांचा कृष्णा खोऱ्यावरचा ग्रंथ १९९५ चा. आज काय नाही ते सांगायचं तर आधी काय होतं ते माहीत पाहिजे आणि त्यासाठी या याद्यांशिवाय गती नाही. असल्या याद्या करणाऱ्या माणसांचं काम फार मोठं आहे, त्यांनी तेव्हा नुसतं नाव आणि गाव लिहून ठेवलं म्हणून आज आपण तुलना करू शकतो.

१२ डिसेंबर, खाली

पुलावरूनच वास येत होता. गावाची दोन गटारं इथं मिळतात, काठावर प्लास्टिक, तळाला काळा गाळ, काठी घातली की बुडबुडे येतात. दगड आहेत पण गाळाखाली. पोरांना गमबूट आणि हातमोजे दिल्याशिवाय पाण्यात उतरू दिलं नाही.

मासे संख्येनं भरपूर. इथं माशांची संख्या हा निकषसुद्धा एकट्यानं फसवणारा आहे. बादलीत निम्म्याहून जास्त चिलापी, वरच्या थरात गप्पींचे थवे, तोंड अगदी पाण्याच्या कातडीला लावून. पाण्याच्या वरच्या केसाएवढ्या थरात हवेतून येणारा ऑक्सिजन असतो, खाली काही नसलं तरी ते त्यावर जगतात. मळ्या एकही नाही. मुऱ्या नाहीत.

डोक मात्र इथंही निघाला. वरच्या स्वच्छ पाण्यात होता तोच. त्याला डोक्यात हवा घ्यायची वेगळी जागा असते, पाण्यात ऑक्सिजन नसला तर वर येऊन घोट घेतो, त्यामुळं तो चांगल्या पाण्यातही राहतो आणि वाईट पाण्यातही. म्हणजे डोक दिसला म्हणून पाणी वाईट असंही नाही आणि चांगलं असंही नाही. एकेका माशावरून निकाल लावू नये, सगळी जमात एकत्र बघावी, हे समजवायला डोक चांगला आहे.

दोन मरळींच्या अंगावर लाल जखमा होत्या. जखमा, कुरतडलेले पर, वाकडं हाड, गाठी, हे सगळं शेवटच्या निकषात मोजतात आणि पोरांनी लगेच तिथं १ लिहायला पेन काढलं. थांबवलं. मरळीला थंडीत जखमांचा एक रोग येतो, अफानोमायसिस नावाच्या बुरशीसारख्या जीवामुळं, भारतात तो १९८८ ला पोचला आणि बऱ्यापैकी स्वच्छ तळ्यातसुद्धा येतो. त्यामुळं मरळीच्या जखमा वेगळ्या लिहिल्या, बाकी जातींत किती आजारी आहेत ते बघूनच गुण द्यायचे.

१३ डिसेंबर

काल दुपारी मधल्या जागेवर ऑक्सिजन बघितला होता, विंकलरच्या पद्धतीनं, जागेवरच मँगनीज सल्फेट घालून बाटली पक्की केली. समुद्रसपाटीला २५ अंशाच्या पाण्यात लिटरमागं साधारण ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, आपल्या उंचीवर त्याहून कमी, आणि दुपारचा आकडा त्याच्याही वर गेला होता. कुणीही म्हणेल पाणी एक नंबर. आज पहाटे अंधारात परत जाऊन त्याच जागी बाटली भरली तर आकडा ४ च्या खाली. प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीत माशांसाठी ४ तरी लागतो.

कारण साधं आहे. शेतातलं खत उतरतं, शेवाळ माजतं, दिवसा ते उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच शेवाळ आणि तळाचा गाळ तो खाऊन टाकतात. नमुना घेणारा माणूस सकाळी अकराला येतो, पहाटे चारला कोण येणार. माशाला मात्र रोज पहाटे चार वाजतात.

५ जानेवारी

भोई समाजातले एक आजोबा, सगळे त्यांना तात्या म्हणतात, त्यांच्या घरी गेलो. फोटो दाखवत गेलो आणि ते सांगत गेले कुठला कुठं मिळायचा. कोळसाच्या फोटोवर थांबले. “ह्यो आता कुठं दिसतंय. बंधारा व्हायच्या आदी पुलाखालच्या डोहात असायचं की, एवढं एवढं,” म्हणून कोपरापर्यंत हात दाखवला. मृगाच्या पावसात चढणीचे मासे वर यायचे तेव्हा पोरं घेऊन रात्री बत्त्या लावून जायचे म्हणाले, आता मासे बंधाऱ्यापर्यंत येतात आणि तिथंच उड्या मारत बसतात.

तात्यांचं बोलणं पुरावा म्हणून किती धरायचं यावर पोरांचा वाद झाला. माझं मत असं की वजन, संख्या यात माणूस चुकेल, पण आयुष्यभर जाळं टाकणारा माणूस हा मासा इथं होता की नव्हता यात सहसा चुकत नाही. १९५६ च्या यादीत कोळस आहेच. तात्यांनी त्याला डोहाचा पत्ता दिला.

१९ जानेवारी, परत मधे

डिसेंबरच्या सुरुवातीला बंधाऱ्याचे बरगे घातले, पाणी अडलंय, म्हणून मुद्दाम तीच दीडशे मीटर परत केली. जिथं खळखळतं उथळ पाणी होतं तिथं आता छातीएवढं संथ पाणी आहे, तळाला हाताला लागेल एवढा मऊ गाळ. मळ्या गेले, मुऱ्या गेल्या. आळकूट वाढले, आणि नोव्हेंबरमधे जी एकही नव्हती ती चिलापी आता आहे. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला गेलो तर पाणी घोट्याएवढं, फटीतून झिरपतंय तेवढंच, आणि तिथल्या दोन-तीन दगडांखाली मुऱ्या गर्दी करून बसलेल्या.

पाणी गटारासारखं घाण झालेलं नाही इथं, दिवसा बाटली तपासली तर फार काही निघणार नाही. मुख्य म्हणजे ते थांबलंय. वाहत्या पाण्याच्या माशाला थांबलेलं पाणी म्हणजे घर गेल्यासारखंच. प्रदूषण एवढा एकच शब्द डोक्यात ठेवून ओढे तपासले तर हे नुकसान कधीच कुठल्या तक्त्यात येणार नाही.

२ फेब्रुवारी

गुण दिले. बारा निकषांपैकी दोन आमच्या माहितीवर नीट लावता येत नव्हते, ते सोडले, दहा ठेवले, म्हणजे १० ते ५० च्या मधे. ‘वर’ची जागा वरच्या वर्गात, ‘खाली’ची तळाच्या वर्गात, यात नवल नाही. मधली जागा नोव्हेंबरला मध्यम-चांगली आणि जानेवारीला त्याच्या खालच्या वर्गात. जातींच्या संख्येत तिला दोन्ही वेळेला चांगले गुण आहेत, पण तळाच्या माशांत ५ वरून १, बाहेरच्या माशांत ५ वरून ३. म्हणून मी एकूण बेरजेपेक्षा निकषवार तक्ता भिंतीवर लावायला सांगितला. बेरीज सांगते ओढा आजारी आहे, तक्ता सांगतो कुठं दुखतंय.

बेळगावहून आलेल्या एका पोरानं शहराचं सांडपाणी घेऊन जाणाऱ्या बळ्ळारी नाल्याला हे लावलं तर काय येईल असं विचारलं. शहापूर-वडगावच्या बासमतीच्या शेतात हाच नाला दर पावसाळ्यात घुसतो आणि त्याचं घरचं शेत तिथंच आहे, त्यामुळं त्याचा प्रश्न अभ्यासापुरता नव्हता. कारच्या वर्गवारीत सगळ्यात खाली ‘मासेच नाहीत’ असाही एक वर्ग आहे. पण नाल्यातलं काम हे आमच्या हातमोज्यांत बसणारं नाही, ते वेगळ्या तयारीनं करायला पाहिजे, आणि करायलाच पाहिजे.

२३ फेब्रुवारी

गावात जाऊन दाखवलं. पंचायतीच्या हॉलमधे पंधरा-वीस माणसं, मराठी-कन्नड दोन्हीत बोललो. आकड्यांकडं कुणी फार बघितलं नाही, पण मळ्याचा बादलीला चिकटलेला व्हिडिओ आणि खालच्या जागेचे चिलापीचे फोटो शेजारी लावल्यावर लोक बोलायला लागले. बरगे काढा असं आम्ही म्हटलेलं नाही, ऊस आणि उन्हाळी भाजी त्या पाण्यावर आहे, शेतकऱ्याला पाणी सोड म्हणून सांगायचा आम्हाला अधिकार नाही. दोनच गोष्टी मागितल्या. एक, सगळ्यात खालचा एक बरगा थोडा मोकळा ठेवून सतत थोडं पाणी खाली जाऊ द्यावं. दुसरी, मिरगाच्या आधी सगळे बरगे नक्की काढून ठेवावेत, बऱ्याचदा एक-दोन तसेच राहतात आणि चढणीचे मासे तिथंच अडतात. दुसरी लगेच मान्य झाली. पहिलीवर चर्चा चालू आहे, पाणी वापरणाऱ्यांचं म्हणणं आहे की एप्रिलपर्यंत पुरलं पाहिजे, ते खरंही आहे, म्हणून किती फट ठेवली तर किती पाणी जातं हे मोजून द्यायचं काम आमच्याकडं घेतलं.

गटारांबद्दल एक बाई म्हणाल्या, “ओढ्यात सोडायचं न्हाय तर मग कुठं सोडायचं ते बी सांगा की.” शोषखड्डे कुठं शक्य आहेत ते घरोघर बघून नकाशा करायचा ठरलंय.

११ मार्च

वरच्या ओढ्याचं वाहणं बंद झालं, पाणी डोहाडोहात राहिलंय. सगळे मासे त्या तीन-चार डोहांत कोंबलेले. आत्ता जाळं टाकायचं नाही, आकडे खोटे मोठे येतील आणि पुढच्या पावसाला ओढा भरणारे मासे हेच आहेत. डोह कुठं आहेत तेवढं जीपीएसवर टिपून ठेवलं. यादी कुणालाही पाठवायची नाही असं ग्रुपवर टाकलं.

१४ जून

मिरग निघाला, काल रात्री चांगला पाऊस झाला. बरगे सगळे निघालेले होते. तात्या, आम्ही आणि गावातली पोरं पहाटे बंधाऱ्यावर. बारके मासे खांबांच्या मधून वर चढताना टॉर्चच्या उजेडात दिसले, आळकूट ओळखू आले, बाकी गढूळ पाण्यात कळले नाहीत. जाळं कुणी टाकलं नाही. कोळस दिसला नाही.

पुढचं काम ठरलंय : नोव्हेंबरमधे बरगे घालायच्या आधी तिन्ही जागा परत, घातल्यावर महिन्याभरानं मधली जागा परत, आणि या वर्षी कणकुंबीकडचे आणखी दोन ओढे घ्यायचे म्हणजे ती रेघ मारायला थोडा आधार मिळेल. फॉर्म, निकषांचा तक्ता आणि माशांच्या फोटोंची मराठी-कन्नड यादी तयार आहे, ताम्रपर्णी किंवा मार्कंडेय नदीच्या ओढ्यांवर कुणाला काम करायचं असेल तर मागून घ्या, पण पाण्यात उतरायच्या आधी परवानगी घ्या आणि तिथल्या एखाद्या तात्यांना भेटा.